चावऱ्या पोपटाची बाजू

शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या पोपटानं दिरांचं बोट फोडलं. रक्त टाचणीच्या टोकाएवढं, पण दिरांनी घर डोक्यावर घेतलं. "वहिनी, आजच्या आज घालवा हा राक्षस!"

काकू मशीनवरून उठल्या. "भाऊजी, मान फुगवून, डोळे वटारून तो सांगत होता, बोट घालू नका. तरी घातलंत." त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात बाहेरच धरून गप्प उभ्या राहिल्या. फुललेली पिसं खाली बसली, तसा पोपट आपणहून मनगटावर आला.

"लाडावून ठेवलाय नुसता," दीर पुटपुटले.

"न विचारता त्याच्या घरात हात घातलात, म्हणून चावला. लग्न होऊन आल्यापासून माझं कपाट तुम्ही सगळे असंच उघडता. मी अजून चावले नाही, एवढंच."