साठला हादरणारी गाडी

आमच्या गाडीचं दुखणं विचित्र होतं. पन्नासपर्यंत ती शहाण्यासारखी चालायची. साठ झाले आणि काटा तिथे धरून ठेवला, की स्टिअरिंग हातात थरथरू लागायचं, समोरच्या कप्प्यातली सुट्टी नाणी वाजायची, आणि मागे बसलेलं माणूस बोलता बोलता गप्प व्हायचं.

गाडी छोटी, जुनी, माझ्याआधी दोघांनी वापरलेली. हे गेल्यावर मी ती घेतली आणि पन्नाशीला टेकताना चालवायला शिकले, तेव्हा दिवेआगरात हसायचं कोणी बाकी राहिलं नाही. पण माझ्या वाडीतल्या दोन खोल्यांवर पाहुणे येतात. त्यांना माणगाव स्टेशनवरून आणायचं, बोर्लीच्या बाजारातून सामान भरायचं, आणि दर वेळी कोणाच्या तरी दारात उभं राहून "जरा सोडतोस का रे" म्हणायचं, हे माझ्या जिवावर यायचं. गाडी आली आणि ते विचारणं संपलं. एवढ्यासाठीच मला ती हवी होती.

शिकवलं दादाने. माझा थोरला भाऊ, शेजारच्याच वाडीत राहतो. लाल बसवर ड्रायव्हर होता, उभ्या नोकरीत एक अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्याच्या ओटीवर देवांच्या तसबिरींशेजारी लावलाय, आणि माझी वहिनी म्हणते की उदबत्ती आधी त्यालाच मिळते. रस्त्यावरच्या बाबतीत दादाचा शब्द म्हणजे शेवटचा. मीही तसंच मानत आले.

हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला मी पनवेलला गेले. गाडी उभी राहून बॅटरी उतरू नये म्हणून चावी दादाकडे ठेवली. परत आल्यावर पहिल्यांदाच बाहेर काढली, दादा शेजारी बसला होता, आणि बोर्लीच्या अलीकडे एका खड्ड्यात पुढचं चाक दाणकन आदळलं. दादाने फक्त जीभ चावली. म्हसळ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, मी साठला गेले आणि हात थरथरायला लागले. "घालवलीस वाट," दादा म्हणाला. "तरी सांगत होतो, खड्डा बघून गाडी उतरवावी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं जपलेली गाडी, आणि माझ्या एका चुकीने तिचं हे झालं.

मग आमचं संशोधन सुरू झालं. दादा प्रत्येक फेरीला बरोबर. त्यानेच शिकवलं की हादरा स्टिअरिंगला लागला तर पुढची चाकं बघायची, बुडाखाली लागला तर मागची. चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, रिमला शिशाचे तुकडे लागले, हादरा तसाच. मग दादाने स्वतः घाम गाळून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. हादरा चाकांबरोबर मागे जायला हवा होता, तो पुढेच राहिला. नंतर त्याच्या सांगण्यावरून इंजिनखालचे रबर बदलले. ते बदलायला झालेच होते, पण हादऱ्याला त्यांचं सोयरसुतक नव्हतं.

"आता गाडीत काही नाही," दादा शेवटी म्हणाला. "तुझा हात जड आहे. स्टिअरिंग आवळून धरतेस, गाडी घाबरते."

हे मला पटलं नाही, पण त्याने पटवून दिलं. तो स्वतः चालवायला बसला, माणगावपर्यंत गेलो, आलो, आणि गाडी एकदाही हादरली नाही. "बघ. माझ्या हातात हादरते का?" तीन-चार वेळा असंच झालं. मी बसले की हादरते, तो बसला की नाही. त्याच सुमारास स्टेशनवरून आणलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वाटेत मला विचारलं, "गाडी ठीक आहे ना हो? का तुम्ही नवीन आहात?" घरी आले आणि मागच्या पडवीत बसून रडले. दादा आला, पाठीवर हात ठेवला, म्हणाला, "होतं असं. वय झालं की हात राहत नाही. चावी माझ्याकडे दे, मी नेत जाईन तुला." मी दिली. पुन्हा मी त्याच्या दारात जाऊन उभी राहू लागले, "दादा, बोर्लीला जायचंय, वेळ आहे का?" त्याला वेळ असायचा, पण चहा झाल्यावर, पेपर झाल्यावर.

शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. एकदा माझं लक्ष काट्यावर गेलं. पन्नास. रस्ता मोकळा, मागचा टेम्पो हॉर्न वाजवतोय, आणि काटा पन्नासच्या पुढे जात नव्हता. मला वाटलं, सवय असेल बसची. पुढच्या खेपेलाही मी काटाच बघत राहिले. पंचावन्नच्या जवळ आला की दादाचा पाय अलगद वर यायचा. हे सवयीने होत नव्हतं, तो जपत होता. 

दादाची दुपारची झोप पक्की असते. तो घोरायला लागल्यावर मी कपाटातून दुसरी चावी काढली आणि एकटीच निघाले. आधी पन्नासला चालवली. माझाच जड हात, आणि गाडी गुमान चालत होती. साठला नेली, हादरली. मग सपाट रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून, जे दादाने कधीच करू दिलं नव्हतं ते केलं. "चालती गाडी न्यूट्रलला टाकायची नसते," हा त्याचा नियम, आणि उतारावर तो बरोबरच आहे. मी टाकली. इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडी आपल्या वेगाने पळत राहिली, आणि हादरा होता तसाच होता. म्हणजे इंजिन नाही. चाकं अदलाबदल करून झाली होती, म्हणजे चाकंही नाहीत. उरलं काय, तर चाकाला फिरवणारा दांडा. इतकं सोपं होतं ते, आणि तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला सुचलं नव्हतं, यावर माझा विश्वास बसेना.

तशीच माणगावच्या गॅरेजला गेले. गाडी वर उचलली, मेकॅनिकने इंजिन चालू करून चाकं अधांतरी फिरवली, आणि आम्ही दोघं खाली वाकून बघत राहिलो. उजवीकडचा दांडा सरळ फिरत होता. डावीकडचा फिरताना मधोमध किंचित हेलकावत होता. मेकॅनिक म्हणाला, खड्ड्याने असा वाकत नाही, ही ओढलीय कोणीतरी. दांड्याच्या रबराशी हिरव्या नायलॉनचे दोन-चार धागे गुंतले होते. आमच्याकडे शेंबडं पोरही ते ओळखेल. होडीचा दोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीवाली मावशी दारात टोपली उतरवून बसली. मी सुरमई बघता बघता सहज विचारल्यासारखं विचारलं, आमची गाडी ओढायला कोण कोण होतं ग?

"आमचीच मानसं ना," ती म्हणाली. "तुमी लेकीकडं व्हता तवा दादा पावन्यांना फोटो काढायला घेऊन गेलं व्हतं, सूर्य बुडताना. गाडी रुतली वाळूत, भरतीचं पानी चाकाला लागलं. मंग होडी वडतात तशी वडली. दोर खालनं बांधला, नाक उचलाय पायजे ना."

होडीला दोर नाकाशी, अगदी खाली बांधतात. ओढली की नाक वर येतं आणि होडी वाळूवरून सरकते. गाडीचं नाक तसं उचलायचं नसतं, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक. खाली हात घातला, लोखंडाचा दणकट दांडा लागला, बांधला दोर. पण दादाला ठाऊक होतं. तो तिथे उभा होता.

"तुमाला ठावं न्हाय?" माझा चेहरा बघून मावशी जरा सावध झाली. "अवो, तुमच्याच वाडीचं नारल वाटलं की दादानं. आमाला वाटलं, तुमीच सांगितलंत."

होडी ओढायला ज्याचा हात लागला त्याला रिकामं पाठवायचं नाही, मासळीचा वाटा द्यायचा, ही इथली रीत. दादाजवळ मासळी नव्हती म्हणून त्याने नारळ दिले, माझ्या झाडांचे. अख्ख्या कोळीवाड्याला माहीत होतं, आणि कोणी लपवलं नव्हतं. लपवलं एकट्याने. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापताना वर पाठीवरून हातही फिरवायचा.

दांडा बदलला. मी कोणाला सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी दादाला म्हटलं, चल, आज मी चालवते. त्याने वहिनीकडे बघितलं, हसला, बसला. बोर्लीत त्याने भाजी घेतली, चहाच्या टपरीवर ओळखीचा एक जण भेटला, त्याला म्हणाला, "हिला मीच शिकवली गाडी." मी त्याची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. मग परत वळायच्या ऐवजी गाडी म्हसळ्याच्या रस्त्याला घातली. साठला नेली आणि काटा तिथे धरला. नाणी वाजली नाहीत. दादाने आधी स्टिअरिंगकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर.

"डावा दांडा बदलला," मी म्हणाले. "दोराचे धागे होते त्याला."

त्याने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "उभ्या नोकरीत एक ओरखडा नाही ग मला. आणि होडीसारखं ओढून काढलं सगळ्यांसमोर."

"सगळ्यांना माहीत होतंच. मग मलाच का नाही?"

"तुला सांगितलं असतं, तर तू परत कधी गाडी दिली नसतीस."

"दिली असती," मी म्हणाले.

ते खरं होतं. मी त्याला हसले असते, वर्षभर चिडवलं असतं, आणि दिली असती. तो माझ्या शेजारी बसून मला म्हातारी करत राहिला, माझे हात माझ्याच डोळ्यांदेखत काढून घेत राहिला, आणि कारण काय, तर माझ्यावर त्याचा एवढाही विश्वास नव्हता. मला इतका राग आला होता की रडू येत नव्हतं. गाडी मात्र सरळ चालली होती.

त्याच्या वाडीच्या फाटकाशी, बेड्याशी थांबले. तो उतरला, आणि गेल्या काही महिन्यांच्या सवयीने खिडकीतून चावीसाठी हात पुढे केला. मी मागच्या सीटवरची त्याची भाजीची पिशवी उचलून त्या हातात दिली.