सुवर्णाचे कापलेले पाच गुण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बीएस्सी झालो आणि दोन हजार एक साली राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला लागलो. गावाकडची माणसंही मला 'सर' म्हणायला लागली. खोटं कशाला बोलू — त्या शब्दाची मला चटक लागली होती.

सुवर्णा कोडोलीहून एसटीनं यायची. हुशार. माझ्यापेक्षा हुशार — एवढं लिहायलाच मला इतकी वर्षं लागली. बॅचमध्ये जो कुणी पहिला येईल त्याला क्लास शिकवायला ठेवून घेणार होता. "हितं नोकरी लागली तर ठीक, न्हाईतर घरचे लगीन लावून मोकळे होत्यात," असं ती मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

परीक्षेत एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा, लिहून वापरून दाखवायचं होतं. व्याख्येत तीन जागा — नाव, गाव, वय. ते वापरताना, म्हणजे कॉल करताना, माहिती त्याच क्रमानं द्यायची. क्रम चुकला की गाव नावाच्या जागी जाऊन बसतं. मी तेवढंच शिकवलं होतं. मला तेवढंच येत होतं. सुवर्णानं वय आधी लिहिलं होतं, नाव शेवटी — आणि प्रत्येक माहितीआधी त्या जागेचं व्याख्येतलं नाव, मग कोलन आणि बरोबरचं चिन्ह. असलं चिन्ह मी कॉलेजात पास्कल ही दुसरीच भाषा शिकताना पाहिलेलं. पाच गुण कापले.

"सर, जागांची नावं दिली की क्रम कसा बी असू दे, चालतंय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "एकदा चालवून तरी बघा की."

"हे पास्कल आहे. कोडोलीत चालत असेल तर तिथं चालव."

वर्ग हसला. ती खाली बसली.

सगळे गेल्यावर मी तिचा प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला. चालला. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी.

निकाल लागायला अजून दोन दिवस होते. पेपर माझ्याच कपाटात. पाच गुण परत द्यायला किती वेळ लागतो? पण मग वर्गाला सांगावं लागलं असतं — सरांना येत नव्हतं, हिला येत होतं. मी प्रोग्रॅम पुसून टाकला. ती तीन गुणांनी दुसरी आली. पहिल्या आलेल्या मुलाला क्लासानं ठेवून घेतलं. ती परत आली नाही.

पुढच्या बॅचना मी ती पद्धत शिकवली. चांगली शिकवली.

सात-आठ वर्षांनी पेठ वडगावच्या बाजारात मागून "सर" अशी हाक आली. सुवर्णा. सोबत तिची जाऊ. "ह्ये आमचे सर," ती जावेला म्हणाली, "लई कडक. पेपरात पास्कल घुसडलं म्हणून पाच मार्क कापलेले माझे." मग माझ्याकडं वळून, "चूक माझीच हुती सर. उगंच वाद घातला मी तुमच्यासंगं."

तिथं तरी बोलायचं की नाही? ओठांवर आलं होतं — नाही, आलंही नव्हतं.

"असू दे," मी म्हणालो. "होतं असं."