ओळंब्याच्या हातचा वाकडा फोटो

फोटोंना फ्रेम करून देणाऱ्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली ओळंबा म्हणायची. भिंत सरळ चढते आहे का, हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा यांच्या डोळ्यांतच बसवलेला होता. दवाखान्यात गेले, तर काय दुखतंय ते सांगायच्या आधी डॉक्टरांचं प्रमाणपत्र सरळ करत. व्याह्यांकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा आधी त्यांच्या वडिलांची तसबीर बोटभर उचलली. व्याही बिचारे हात पुढे करून उभेच. बायको म्हणायची, "माझं नाक तेवढं राहिलंय सरळ करायचं."

त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधे मोठं टेबल, एका भिंतीला उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या, दुसरीला काचा. सरसाचा वास दाराबाहेरपर्यंत यायचा.

एकदा निवृत्त झालेल्या एक नर्सबाई पातळ टॉवेलमध्ये गुंडाळून जुना फोटो घेऊन आल्या. फोटोत ज्यू लोकांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर होतं. उंच कमानी, वर गोल खिडकी, पुढे लोखंडी फाटक. माणसं हळूहळू परगावी, परदेशी गेली, प्रार्थनेला कुणी उरलं नाही, मग रस्ता रुंद करताना इमारतही गेली. आता तिथे मोटारी उभ्या करतात. नर्सबाईंचं लहानपण त्याच आवारात गेलं होतं. भाची बऱ्याच वर्षांनी भेटायला येणार होती, तिने हा फोटो कधी पाहिलाच नव्हता. तेवढ्यासाठी तो नीट भिंतीवर लागावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

ओळंब्याला फोटो बघताच चैन पडेना. फोटो काढणारा उतारावर उभा असावा, कारण सगळी इमारत डावीकडे कलली होती. त्यांनी फार जीव ओतून काम केलं. काचेखाली खिडकी कापलेला पुठ्ठा बसतो, त्याची खिडकी त्यांनी जरा लहान कापली, फोटो त्याच्यामागे फिरवून बसवला, आणि सिनेगॉग सरळ उभं केलं. बायकोलाही हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आता नांदेल बिचारं सुखाने."

नर्सबाईंनी फ्रेम हातात घेतली. बघत राहिल्या. ओळंबा कौतुकाची वाट बघत होते. बाईंनी मात्र काचेच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, कापलंत का हो?"

"काय, बाई?"

"इथे माझे बाबा होते."

वडील त्या सिनेगॉगचे रखवालदार. फाटकाशी, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे होते. त्यांचा दुसरा एकही फोटो नव्हता. हे नर्सबाईंनी सांगितलं नव्हतं, कारण हा फोटो बघणाऱ्याला आधी बाबा दिसणार नाहीत, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि ओळंब्याला माणूस दिसलाच नव्हता, दिसला होता तो कललेला खांब.

"गिऱ्हाइकाच्या कागदाला मी पातं लावत नाही," ते म्हणाले. बोलता बोलताच त्यांनी फ्रेम पालथी घालून मागचे खिळे उपसायला घेतले होते. पुठ्ठा बाजूला सरकला आणि बाबा बाहेर आले. टोपी, किल्ल्या, जोडे, सगळं जागच्या जागी. नर्सबाई स्टुलावर बसल्या. ओळंब्याच्या बायकोने न विचारताच पाण्याचा ग्लास आणून त्यांच्या हातात दिला.

पुढची अडचण ओळंब्याने खरी खरी सांगितली. फोटो फिरवला की कोपरा जातो. बाबांना आत घ्यायचं तर इमारत कललेलीच राहणार.

नर्सबाई हसल्या. "इमारत तर पाडूनही झाली भाऊ. आता वाकडी दिसली म्हणून काय बिघडतंय?"

ओळंब्याने नव्या पुठ्ठ्याला मोठी खिडकी कापली. हात चालत होता, जीव मात्र कासावीस. बायको टेबलापाशी उभी राहून मजा बघत होती.

फ्रेम लावायला ते स्वतः नर्सबाईंच्या घरी गेले. खिळा ठोकला, मागे सरून पाहिलं. चौकट अगदी सरळ, आत सिनेगॉग कललेलं, आणि फाटकाशी बाबा, जणू आत्ताच कुलूप उघडतील आणि 'या' म्हणतील.

तेवढ्यात भाची आली. पिशवी हातातच, दारातूनच तिची नजर भिंतीवर गेली. "मावशी, वाकडा लागलाय गं," म्हणत ती फ्रेमकडे हात नेत पुढे झाली.

ओळंबा चटकन मधे आले. "राहू दे बाळा," ते म्हणाले, "बरोबर आहे तो. आधी आजोबांना बघ."

ही गोष्ट नर्सबाईंनीच पुढे गल्लीत सांगितली. कुणाचाच विश्वास बसला नाही. बायको मात्र तेव्हापासून म्हणते, माझ्या नाकाची काळजी मिटली.