डबा गप्प झाला

आमच्या सुनेला मी भिंगरी म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही. ही बाई एका जागी बसलीय आणि तिचे हातपाय स्वस्थ आहेत, असं तिचं लग्न झाल्यापासून मी एकदाही पाहिलेलं नाही. चहा पिता पिता खुर्चीचा सैल स्क्रू आवळेल, फोनवर बोलता बोलता खिडकीचे गज पुसेल. "अगं, जरा टेक की," म्हटलं तर म्हणते, "टेकलेच आहे आई," आणि उभीच असते.

काम मात्र तिचं बसून करायचं. कपड्यांवर भरतकाम करणारी मोठी मशीनं असतात ना, त्यांना सुई कुठे टोचायची ते कुणीतरी सांगावं लागतं. ते ही सांगते. कारखान्यातून सकाळी एखादं चित्र येतं, फूल म्हणा, पक्षी म्हणा, शाळेचं चिन्ह म्हणा. ही कॉम्प्युटरवर त्याचे टाके पाडते, कुठला आधी, कुठला नंतर, दोरा कुठे तोडायचा, आणि दुपारपर्यंत परत पाठवते. चित्र मोठं असलं की कॉम्प्युटरला धाप लागायची. टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यातले पंखे असे काही घोंघावायचे की शेजारीण एकदा विचारायला आली, गिरणी टाकली का म्हणून. मी म्हटलं, हो, दळण घेऊन या!

त्याच खोलीत माझा मुलगा दिवसा झोपायचा. तो रात्रीच्या बसवर ड्रायव्हर. रात्रभर गाडी चालवायची आणि सकाळी घरी येऊन पडायचं. घर दोन खोल्यांचं. एक ती खोली, दुसरं स्वयंपाकघर, तिथे माझं अंथरूण. कॉम्प्युटर स्वयंपाकघरात आणायचा तर तिथे वाफ आणि फोडणीचा धूर. म्हणजे नवऱ्याची झोप आणि बायकोचं काम, दोघांचा संसार त्या एकाच खोलीत.

मागच्या उन्हाळ्यात एका वळणावर त्याला डुलकी लागली. गाडी रस्ता सोडून खाली उतरली, दगडांच्या ढिगाला घासत गेली आणि थांबली. ढिगाच्या पलीकडे खोल ओढा. कंडक्टरच्या कपाळाला खोक पडली, बाकी सगळे सुखरूप. डेपोतल्या साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर नोकरी विसरायची. साहेबांचं राहू द्या हो! पुन्हा असं झालं तर तिथे दगडांचा ढीग असेलच असं कुणी सांगितलंय?

तेव्हापासून त्याची झोपच उडाली. सकाळी आडवा व्हायचा आणि दुपारी लाल डोळे घेऊन उठायचा. विचारलं की एकच उत्तर. "त्या डब्याचा आवाज. डोळ्याला डोळा लागत नाही." आणि संध्याकाळी त्याच डोळ्यांनी बसभर माणसं पाठीशी घेऊन निघायचा. सकाळी जिन्यात त्याचं पाऊल वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला. देवा शप्पथ, मी तेवढ्या वेळात चार वेळा दार उघडून बघायची.

भिंगरीने ते मनाला लावून घेतलं. एकदा भांडी घासताना मला म्हणाली, "आई, माझ्या कामापायी ह्यांची झोप मोडते. उद्या गाडीला काही झालं तर?"

"मग सोड ते काम."

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काम नाही सोडणार. आवाज बंद करणार."

झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. व्हिडिओ बघ, दुकानात जा, दुकानदाराशी हुज्जत घाल. तो म्हणत होता नवा कॉम्प्युटरच घ्या, ही म्हणत होती ह्यालाच सुधारणार. एक दिवस पिशवी भरून सामान आणलं आणि पलंगावर मांडलं. जुनी डिस्क आत गरागरा फिरायची आणि कुरकुरायची, तिच्या जागी नवी आणली, काडेपेटीपेक्षा चपटी, तिच्यात फिरणारं काहीच नाही. काम भराभर व्हावं म्हणून मेमरीची एक जास्तीची पट्टी. डब्याच्या मेंदूवर, म्हणजे त्या मुख्य चिपवर, बसवायला धातूचा भलामोठा ठोकळा, तिची उष्णता ओढून घेणारा. आणि ताटाएवढे दोन पंखे.

"एवढे मोठे? मग तर आणखी ओरडतील," मी म्हटलं.

"नाही आई. लहान पंख्याला भराभर फिरावं लागतं म्हणून तो ओरडतो. मोठा सावकाश फिरला तरी भागतं."

"असं होय. आता कळलं तू एवढी भराभर का फिरतेस ते, लहानखुरी ना!"

हसली नाही. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतंच.

मुलगा डेपोत डोळे तपासायला गेला होता, तेव्हा तिने डबा उघडला. आत इतकी धूळ की मी तिला आधी गच्चीवर पिटाळलं. मग चिपवर करड्या रंगाची पेस्ट लावली, वर ठोकळा दाबून बसवला, पंखे लावले, त्यांच्याखाली रबराचे तुकडे सरकवले. चालू केला तर खरंच, चकार शब्द नाही! मी टाळीसुद्धा वाजवली. तिने कारखान्याचं सगळ्यात मोठं चित्र उघडलं, थुईथुई नाचणारा मोर, आणि टाके पाडायला लावले. पाच मिनिटं गेली नसतील, पंख्यांनी जो हंबरडा फोडला! जुने परवडले. मग डबा आपला आपणच बंद पडला.

तिचा चेहरा बघवेना. पुन्हा उघडला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. मुलगा आला, आडवा झाला, कूस बदलत राहिला आणि संध्याकाळी डोळे चोळत गाडीवर गेला. ती दारातून आत वळली आणि तशीच भिंतीला टेकून रडली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला स्थिर उभी पाहिली, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

सकाळी उजाडायच्या आत ती पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसलेली. ठोकळा उपटून उलटा केला आणि ओरडली, "अगं बाई!"

ठोकळ्याच्या बुडाला काचेसारखी पारदर्शक पातळ पट्टी चिकटलेली. तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं, बसवण्याआधी काढा. हिने काढलीच नव्हती. चिपवरची पेस्ट त्या प्लास्टिकलाच फासलेली! मग उष्णता वर चढणार कशी?

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक आम्ही काढत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावर पहिल्या दिवसाची पट्टी, मुलाच्या सुटकेसला अजून कव्हर. नवी नवरी असताना हिने मिक्सरवरचं प्लास्टिक सोलायला घेतलं, तेव्हा मी तिला चांगलंच झापलं होतं. वस्तू जपायला नको? तेव्हापासून तिचा हात तिथे जातच नाही. तिने ती पट्टी दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस? लिहिलेलं वाचता येत नाही का तुला?" मी म्हटलं. मग दोघींना जे हसू फुटलं, ते आवरेना.

पट्टी काढली, ठोकळा नीट बसवला. मोर पुन्हा उघडला. टाके भराभर पडत गेले, पूर्वी त्याला जेवणाएवढा वेळ लागायचा, आता चहाचा कप रिकामा व्हायच्या आत काम खलास. आणि आवाज? मी टेबलाखाली वाकून कान लावला तरी काही नाही.

मुलगा आला. भिंगरी दारातच म्हणाली, "आज झोपा तुम्ही. आता कसलाही आवाज नाही." त्याने तोंड धुतलं, चहा घेतला, आडवा झाला. ती तिच्या खुर्चीत, मी स्वयंपाकघरात. हाताला चाळा हवा म्हणून मी रिमोटची पिशवी उगाच कुरतडत बसले. एवढी शांतता आमच्या घराला सवयीची नाही.

बऱ्याच वेळाने डोकावले. तो छताकडे बघत पडलेला, डोळे टक्क उघडे. भिंगरी टेबलाखाली शिरून डब्याला कान लावून बसली होती.

"अजून येतोय का आवाज?" तिने खालूनच विचारलं. "कुठून येतोय तेवढं सांगा. काढते मी."

"नाही गं," तो म्हणाला. "काहीच येत नाही."

"मग?"

तो उठून बसला. म्हणाला, "डोळे मिटले की गाडी खाली उतरते. मागे सगळे ओरडतात. एक लहान मूल ओरडत होतं, तेच सगळ्यात जोरात. तुझा डबा घोंघावायचा तेव्हा ती ओरड त्यात बुडून जायची. निदान अर्धीमुर्धी. आज सगळं स्वच्छ ऐकू येतंय."

भिंगरीच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर पडला. "मग डब्याचं नाव का घेत होतात?"

"दुसरं काय सांगू? ड्रायव्हर माणूस. गाडीची भीती वाटते म्हणून सांगू?"

नातेवाइकांत मीच तर मिरवत आले, माझा मुलगा कशाला घाबरत नाही म्हणून. ती टेबलाखालून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याचे दोन्ही हात तिने आपल्या मुठीत धरले, आणि बसून राहिली. हलली नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन डेपोला फोन लावला. साहेबांनीच उचलला. बरं नाही म्हणावं, ताप आहे म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. पण ती खोली इतकी शांत होती की मला खोटं बोलवेना, आत ऐकू गेलं असतं.

"साहेब," मी म्हटलं, "माझा मुलगा आज येणार नाही. त्या दिवसापासून त्याला गाडीची भीती बसलीय. झोप नाही त्याला. त्याच्या हातात माणसं देऊ नका."

साहेबांनी त्याचं नाव विचारून लिहून घेतलं. मग म्हणाले, उद्या त्याला घेऊन या, बोलू.

फोन ठेवून आत पाहिलं तर तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, तोंड उघडं टाकून घोरत. तिचा पाय अवघडला असणार, पण ती तशीच बसलेली. अंधारू लागलं तेव्हा मला खुणेने म्हणाली, दिवा नका लावू. संध्याकाळ झाली तरी आम्ही त्याला उठवलं नाही. त्याची गाडी त्या दिवशी दुसऱ्याने नेली.