आधी चारा, मग धार

संजीवनी बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेली आणि तिचं दूध आटायला लागलं. वरच्या दुधानं तान्ह्या दिपालीला हगवण लागायची. पोर रडून काळीनिळी व्हायची आणि संजीवनी मनात झुरायची. सासू सारजाचा निकाल ठरलेला होता. "त्या फॅक्टरीच्या आंबूस वासानं आटलं. नोकरी सोड."

सत्त्याण्णव साल होतं. कळस गावाहून बारामतीच्या एमआयडीसीत एसटीनं उभ्यानं जायचं, तसंच यायचं. अंगात त्राण उरायचं नाही. फॅक्टरीत यीस्टच्या टाक्या सांभाळायच्या. पावाच्या यीस्टचंच हे भावंड, पण त्याला चीजसाठी दूध साकळवणारं एक प्रथिन बनवून बाहेर सोडायला शिकवलेलं. बिचाऱ्याला ना पाव फुगवायचा, ना चीज खायचं. नुसतं दुसऱ्यासाठी राबायचं.

त्या दिवशी टाकी अडली. यीस्ट वाढेना, प्रथिनही उतरेना. उतारवयाचे मोहनराव साहेब सूक्ष्मदर्शकातून डोकं काढून म्हणाले, "घाई आपलीच झाली, संजीवनीबाई. यीस्टनं अंग धरायच्या आत आपण त्याला कामाला जुंपलं. प्रथिन घडवायला शक्ती लागते. त्याची नीट घडी घालून पेशीबाहेर काढायला आणखी लागते. घडी चुकली की ते आतच तुंबतं, ते निस्तरण्यातही शक्ती जाते. मग स्वतःच्या वाढीला काय उरणार?"

"आता काय करायचं, सर?"

"ही टाकी ओतून द्या. पुढच्या यीस्टला आधी पोटभर खाऊ द्या, वाढू द्या. मागायचं ते नंतर मागू."

संजीवनी "हो" म्हणाली आणि बेसिनपाशी जाऊन रडली. सकाळपासून ती कपभर चहावर होती. घरी आधी पुरुष जेवायचे, मग सासू, आणि सून सर्वांत शेवटी. तोवर पातेल्यात रस्सा उरला तर नशीब. कुणी मुद्दाम करत नव्हतं. रीतच होती, आणि रीतीवर रुसायचं तरी कसं? पण यीस्टची जेवढी काळजी साहेब करतात तेवढी आपली कुणी करत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी सारजा चुलीपुढं भाकरी थापत होती. संजीवनी पोरीला घेऊन भिंतीला टेकली.

"आत्या, दूध वासानं न्हाय आटलं," ती म्हणाली. आज यीस्टचं काय झालं ते तिनं सगळं सांगितलं. "माझं बी तसंच हाय. आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

सारजाचं तरुणपण मेंढरांमागं गेलं होतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचा हात हलेना.

"व्यालेली मेंढी आमी कधी लांब चालवली न्हाय," ती हळू म्हणाली. "बिऱ्हाडापाशी वाड्यावरच ठिवायचो. हुलगं शिजवून घालायचो. आधी चारा, मग धार." करपलेली भाकरी उतरवत म्हणाली, "मला मातुर बारशानंतर लगेच कळपामागं लावली. तुज्या नवऱ्याला, सूरजला, मेंढीच्या दुधावर वाढवला. आजवर मला वाटत हुतं, माझ्याच अंगात खोट हाय."

तिनं ताट वाढलं आणि सुनेपुढं सरकवलं. दमलेल्या संजीवनीच्या तोंडात घास फिरत होता. मांडीवर दिपाली चोखायची, सोडायची, रडून पुन्हा तोंड लावायची. दूध परत येईल की नाही, दोघींनाही ठाऊक नव्हतं.

ओट्यावरून सासरे झुंबर यांनी ताट मागितलं.

"थांबा वाईच," सारजा म्हणाली, "तिचं जेवान चाललंय."