ओझ्याचं शुद्ध वर्णन

यवतमाळात हल्ली जो भेटतो तो एकच विचारतो, "नागपूरच्या परिषदेत तुझा निबंध होता ना? मग वाचला का नाहीस?" मी सांगतो, तब्येत बरी नव्हती. हे साफ खोटं आहे. तब्येत ठणठणीत होती!

खरं सांगायचं तर आमच्या मंडळाचे किस्से सांगावे लागतील. हे किस्से साचत जातात ते कळतही नाही. चार मित्रांत सांगायला बसलो की सगळे हसतात, मीही हसतो, आणि पाचव्या किश्श्याच्या आसपास लक्षात येतं की प्रत्येक गोष्टीतलं गाढव एकच आहे.

मंडळ म्हणजे आम्ही चौघे. ठोंबरे सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. गुल्हाने कोर्टात क्लार्क, घरची कापसाची शेती. राठोड हायस्कूलमध्ये शिक्षक, बंजारा तांड्यावरून शिकून आलेला पहिला पदवीधर. आणि मी, नुकताच एम.ए. झालेला. दर रविवारी दुपारी सरांच्या ओसरीवर जमायचं आणि फेनॉमेनॉलॉजीचा अभ्यास करायचा. हा जर्मनीतून निघालेला विचार. एखाद्या वस्तूबद्दल आधीपासून जे माहीत आहे ते सगळं कंसात टाकायचं आणि ती जशी जाणवते तशी, तेवढीच सांगायची. ऐकायला सोपं आहे. करून बघा!

त्यासाठी सरांनी एक रीत घालून दिली होती. टेबलावर एक वस्तू ठेवायची. तिचं नाव घ्यायचं नाही, ती कशासाठी आहे ते सांगायचं नाही, कुणाची आहे तेही नाही. जो चुकेल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा.

दोन वर्षांत सर्वांत जास्त वेळा मी चुकलो. चहा प्रत्येक वेळी ठोंबरे काकूंनी केला.

*

एका रविवारी टेबलावर नुसता कप होता. रिकामा, बशीसुद्धा नाही. सरांना वाटलं मी ठेवला, मला वाटलं सरांनी. लागलीच वर्णन सुरू! मी अर्धा तास आतल्या पोकळीवर बोललो. पोकळी ही 'नसणं' नाही, ती वाट पाहणारी आहे, वगैरे. गुल्हाने म्हणाला, "कडेला तडा आहे, तोही जाणवतो." सरांनी मान डोलावली.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "झालं का बघून? दूध संपलंय म्हणून ठेवला होता. म्हटलं, चार विद्वान बसलेत, एकाच्या तरी लक्षात येईल!"

राठोड भांडं घेऊन उठला. आम्ही तिघांनी चर्चा पुढे चालू ठेवली.

*

पुढे एकदा मूठभर कापूस ठेवला होता. मी त्या दिवशी रंगात होतो. मऊपणा बोटात आहे की वस्तूत, पांढरेपणा आधी की स्पर्श आधी, असं करत वीस मिनिटं गेली. एकदाही नाव घेतलं नाही! सर खूश.

गुल्हानेचे वडील बाजाराच्या कामाने गावात आले होते. मुलाला शोधत ओसरीवर येऊन टेकले होते. त्यांनी हात पुढे केला, दोन बोटांत तो कापूस दाबला आणि परत ठेवला.

"ओला हाये," ते म्हणाले. "वजन वाढवाले पानी मारलं हाये. कोन्या चोरानं देल्ला तुमाले?"

वीस मिनिटं तो माझ्या हातात होता.

*

ग्रंथाचा किस्सा सांगायला जड जातं, पण सांगतो. फेनॉमेनॉलॉजी मांडणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञाच्या मुख्य ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर मी नागपूरच्या लायब्ररीतून आणलं होतं. तीन महिने माझ्याकडे होतं. तीन महिने मी मंडळात त्याचे दाखले देत होतो. "पुढे ते म्हणतात...", "शेवटच्या प्रकरणात त्यांनी हेच उलटं केलंय..."

एका रविवारी राठोडने ते सहज चाळायला घेतलं. थोडा वेळ चाळलं. मग शांतपणे विचारलं, "सर, घरात चाकू आहे काय?"

जुन्या विलायती पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असत, वाचणाऱ्याने ती कापत जायची. माझी साठाव्या पानापर्यंत कापलेली होती.

राठोडने बाकीची सगळी पानं व्यवस्थित कापून दिली. हसला असता तर बरं झालं असतं!

*

सरांची दाढ दुखत होती तेव्हाची गोष्ट. गाल सुजून टम्म. आम्ही म्हटलं, आज मंडळ नको. सर म्हणाले, "का नको? वेदनेइतकी निखळ वस्तू कुठली? लिहून घ्या."

मी वही उघडली. सर डोळे मिटून सांगू लागले. ती एका जागी नाही, ती येते आणि जाते, ती गेल्यावरही तिची जागा उरते... मी भराभर लिहीत होतो. काकू दारात उभ्या होत्या. सरांच्या कपाळावर घाम आला. आवाज चिरका होऊ लागला. मी म्हणालो, "सर, 'उरते' नंतरचं वाक्य पुन्हा सांगाल?"

"लिहिलंस का सगळं?"

"हो सर!"

"मग आता डॉक्टरला बोलाव, गाढवा!"

मी चप्पल शोधेपर्यंत राठोड सायकलवर बसून कोपऱ्यापर्यंत पोचला होता.

*

एवढं झाल्यावर माणसाने शहाणं व्हावं. मी उलट पेटून उठलो! म्हटलं, ओसरीवर बसून कप आणि कापूस किती दिवस बघणार? खुर्चीतल्या तत्त्वज्ञानाने माणसाचं काय भलं झालंय? आपण माणसांकडे जाऊ, त्यांचा अनुभव त्यांच्या तोंडून घेऊ. परिषदेसाठी मी विषय ठरवला, 'ओझ्याचा अनुभव'. नागपूरच्या विभागप्रमुखांनी सांगितलं होतं, "आधी निबंध वाचा, मग पीएच.डी.चं बघू." ठोंबरे सरांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. एकूण सगळं त्या निबंधावर होतं.

राठोड म्हणाला, "मग आमच्या तांड्यावर चल. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले. ओझ्याबद्दल दुसरं कोण सांगणार तुले?"

तांड्याजवळच्या ढाणकीला एसटीतून उतरलो. सोबत पत्र्याची ट्रंक. आठवडाभर राहायचं म्हणून तिच्यात सगळे ग्रंथ भरले होते, तो पानं कापलेलासुद्धा. राठोड बैलांचं खाचर घेऊन येणार होता, पण खाचर आणि राठोड दोघेही कापूस घेऊन उमरखेडला अडकले होते. त्याची आई आली होती. तांड्यात तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. वय साठीच्या पुढे, हातभर पांढऱ्या बांगड्या.

"चाल बापू," ती म्हणाली. डोक्यावर चुंबळ ठेवली, स्टँडवरच्या एका माणसाकडून ट्रंक चढवून घेतली आणि निघाली.

मी हरखून गेलो! ओझं, माझ्या डोळ्यांपुढे! खिशातून वही काढली. नियम पाठ होते. काय आहे, कशासाठी आहे, कुणाचं आहे, हे सगळं मी कंसात टाकलं.

"याडी, आत्ता कसं वाटतंय ते सांगाल? फक्त 'जड' म्हणायचं नाही."

ती हसली. "मंग काय म्हनू? हलकं म्हनू काय?"

"जे जाणवतं ते सांगा."

ती थोडं चालली. मग म्हणाली, "मान हाये नं, ते मायी नाही राह्यली. पेटीची झाली."

असं वाक्य माझ्या सबंध ट्रंकेत नव्हतं!

"अजून?"

"वझं असलं का आभाळ नसते बापू. पायापुढची वाट असते तेवढी."

"थांबा, थांबा! जरा लिहून घेतो."

ती थांबली. डोक्यावर ट्रंक, एक हात वर, भर उन्हात. माझं पेन अडत होतं, ते झटकलं. लिहिलं. मग म्हणालो, "चला." असं मी तिला दीड कोसात चार वेळा थांबवलं. नाला उतरताना ती बोलेना, तर मी म्हणालो, "बोलत राहा, याडी, हाच क्षण महत्त्वाचा आहे."

तांड्यावर दोन बायका धावत आल्या आणि त्यांनी ट्रंक उतरवली. याडीने आधी मला पाणी दिलं, मग स्वतः प्याली. चुंबळ सोडली, तिच्या फडक्याने मान पुसली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. वहीकडे बोट केलं.

"लिवलं काय समदं?"

"हो याडी. सगळं."

"मंग आता तू सांग. रिकाम्या हातानं चालतानी तुले कसं वाटून राह्यलं होतं?"

मी तिच्या चेहऱ्यावर चेष्टा शोधली. नव्हती. ओसरीवर मी वर्णन करायचो तेव्हा सर जसे कान देऊन ऐकत, तशी ती पुढे झुकली होती.

"सांग नं, बापू," ती म्हणाली. "मी तं तशी कधी चाललीच नाही."