मुठीतले सागरगोटे

नातवंडांनो, धाकटी मिनू वजाबाकी आली की रडते, असं काल फोनवर कळलं, म्हणून हे आजच लिहिते.

मीही रडायचे. ‘सातातून तीन गेले’ म्हटलं की मला एकच प्रश्न पडे, कुठे गेले? दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. आमच्या खेड्यात शाळा नव्हती, म्हणून वडील मला शेवगावहून प्रवासी मोटारीने नगरच्या शाळेत घालायला नेत होते. तोंडी परीक्षा जमली नाही तर शिक्षण संपलं.

शेजारी एक शेतकरी बाई बसली होती. माझं मुसमुसणं पाहून तिने लेकीसाठी घेतलेले सात सागरगोटे मांडीवर ओतले आणि तीन मुठीत घेतले.

“हितं किती ऱ्हायलं?”

“चार. पण ते तीन कुठे गेले?”

“लपल्यात गं बाय, मेलं न्हाईत!” मुठीवर फुंकर घालून तिने ती उघडली.

“खेळू नकोस, पाढे म्हण,” वडील म्हणाले.

“दादा, पाढं ऐकताना तुमीच पेंगत हुता की!” ती पदराआड हसली.

नगरपर्यंत आम्ही खेळलो. उतरताना तिने सागरगोटे माझ्या ओंजळीत घातले. “लेकीला दुसरं घीन.” नाव विचारायचं राहून गेलं.

शाळेत बाईंनी विचारलं, “नवातून चार गेले?”

“पाच राहिले. चार तुमच्या मुठीत.”

बाई हसल्या आणि त्यांनी माझं नाव पटावर घातलं.

वजाबाकी करताना ती फुंकर मला अजून ऐकू येते. त्या सातांतले दोन मी खेळताना हरवले. पाच माझ्या डब्यात आहेत.